शिंक

निपाणीच्या त्या वखारीत वीज नव्हती,
म्हणून भरमू पेंटरनं भिंतीवर सावल्याच रंगवल्या:
काजळी, डिंक, थोडं आळशीचं तेल.
खांबाची सावली खांबाला सोडून भलतीकडं गेली,
खिडकीची तीन कोनांची झाली,
आणि दाराची एवढी लांब
की तंबाखूच्या बोदांवर चढून पलीकडं उतरली.

"ऊन असं पडतंय होय कुठं?" इनास सोज म्हणाला.
खानापूरहून बैलगाडीतनं त्यानं कॅमेरा आणलेला,
पिंजरात गुंडाळून, अंडी आणावीत तसा.
"पडत नाही. म्हणून तर."
भरमूपाशी तेवढंच उत्तर होतं,
आणि कुठल्याशा विलायती मासिकातलं
एक फाटकं पान: सगळी चौकोनांची बाई.

गोष्ट नव्हतीच.
कुंभाराचं चाक उभं केलेलं, त्यावर नागमोडी रेघ,
ते फिरवणारी पारव्वा.
मग नुसतं पारव्वाचं कोपर.
मग पानं कापायची कात्री, उघडी, मिटलेली, उघडी,
इतक्या जवळून
की तिच्यात दोन डोंगर भांडताना दिसावेत.
मग चाळीस बायका ओळीनं, अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर,
"हलू नका" असं बजावलेल्या.

पण जर्दा कुणाचं ऐकतो?
पहिली शिंकली, मग तिसरी, मग सगळी ओळ
वाऱ्यातल्या ज्वारीसारखी वाकली, उठली, वाकली.
इनासनं हात थांबवला नाही.
भरमू दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तेवढंच ठेव. बाकी माझं तू काप."

खेळ झाला बाजाराच्या मैदानात, शहापूरच्या मागावरल्या कापडावर.
लोक देव बघायला आलेले. दिसलं चाक.
पडद्याशेजारी मलगोंडा मास्तर उभे,
दर खेळाला मराठीत सांगून कानडीत सांगणारे,
आज काठी बगलेत धरून गप्प.

मग शिंका आल्या. चाळीस तोंडं, आवाज नाही.
कुणी "शतंजीव" म्हणालं, कुणी नाकाला पदर लावला,
आणि कडेला संकेश्वरला निघालेला गाडीवान
जुवावर हात ठेवून थांबला.

"मास्तर, आवाज न झालेली शिंक
धरायची काय ओ?"

मास्तरांनी पडद्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.
दोन भाषा होत्या त्यांच्याकडं.

गाडीवानानं बैल सोडले
आणि पुढं येऊन बसला.