मुदत

म्हापशात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी इलारियाचा अर्ज भरतोय.
येण्याचा हेतू: व्यवसाय.
गुंतवणूक: तांब्याच्या दोन काहिली, एक थंड खोली,
आणि वाळपईच्या शेवंती गावडेला
म्हशीसाठी दिलेली उचल.
ही शेवटची ओळ मी गाळतो.

उत्पन्न कधीपासून, असा रकाना आहे.
ती सांगते, चीजची चाकं
चौदा महिन्यांनी पिकतात.
व्हिसा बारा महिन्यांचा.

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढतो, उगाच.

"मधले दोन महिने कोण उलटेल त्यांना?
रोज मिठाच्या पाण्यानं पुसायचं फक्त."

पणजीच्या कचेरीत
असल्या गोष्टीला रकाना नाही.

रात्री शेवंतीचा फोन:
तिला विचारून ठेवा हां,
मीठ जाडं की बारीक?