डावा बूट

फंडीच्या उपसागराला सुकती लागली
की कोसभर चिखल उघडा पडतो,
तपकिरी, चकचकीत, नुकताच सारवल्यासारखा.
बावीस जणांना घेऊन मी त्यात उतरते.
प्रत्येकाकडे एक लाकडी चौकट, एक चाळण, एक पेन्सिल.
शाई इथे टिकत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं.

चौकटीतले झिंगे मोजायचे,
तांदळाच्या दाण्याएवढे.
त्यांच्यावर पोसून तुतवारांचे थवे समुद्र ओलांडतात.
हे मी चार वर्षं वर्गात सांगितलं,
आणि चार वर्षं पोरांनी ते परीक्षेत परत केलं
उसन्या पिठासारखं,
मापाला माप.

आता पुढ्यात निकषांचा तक्ता आहे.
पाच ओळी, चार रकाने.
शेवटची ओळ: अनुभवावरचं चिंतन, वीस गुण.
एकवीस वह्यांत संघभावना आहे,
निसर्गाविषयी आदर आहे.
'या अनुभवाने मला समृद्ध केलं' हे वाक्य
नऊ जणांचं सारखं,
स्वल्पविरामासकट.

बाविसावी वही रोझेर कॉर्मियेची.
पानं फुगलेली, कडांना मीठ.
'बेचाळीस मोजले. मग पाणी आलं.
डावा बूट गेला.
शेवटचा कदाचित दोनदा मोजला.'
बस, एवढंच.

संघभावना: नाही.
आदर: दिसत नाही.
तक्त्याप्रमाणे चार गुण, ओढूनताणून पाच.
विभागप्रमुख मादाम सावोआ म्हणतात,
माप सगळ्यांना एकच हवं,
नाहीतर उद्या कुणीही दारात येऊन उभं राहील.
त्यांचं खोटं नाही.
तक्ता मीच केलाय,
जुलैत, कोरड्या टेबलाशी बसून.

पण त्या 'कदाचित'वर माझं बोट अडलंय.
बाकीच्या एकवीस वह्या मी पुन्हा चाळल्या.
तो शब्द कुठेच नाही.
सगळ्यांचे झिंगे नेमके,
जणू हजेरी द्यायला ओळीत उभे होते.

काल संध्याकाळी एकटीच खाली गेले.
बूट सापडला, पालथा, चिखलाने गच्च भरलेला.
तिथेच चाळला.
अकरा निघाले, वळवळणारे.
नाही, बारा.
नाही.
अंधार पडत होता, आणि पाणी
मागून येतंय की पुढून, ते कळेना.

उद्या त्याला विचारीन,
एकेचाळीस धरू की बेचाळीस?
तो मान खाजवेल, बराच वेळ.
त्या वेळेसाठी तक्त्यात ओळ नाही.

बूट विभागाच्या रेडिएटरवर वाळतोय.
सगळ्या मजल्याला वास सुटलाय.