माशाची दुसरी बाजू

माणूस कधी गेला ते ठाऊक नसेल
तर बोट निघाली तो दिवस धरतात.
या बेटावर अशा तिथी पुष्कळ.
सासूबाईंची दुसऱ्या चांद्रमहिन्यातली नववी.
आम्ही वान्दोहून शेवटच्या फेरीने आलो,
मांडीवर नासपतीची पेटी, आणि पेटीवर डोकं ठेवून झोपलेली हा-राम.

मांडामांड धाकट्या सुनेची, म्हणजे माझी.
मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला,
माशाचं डोकं उगवतीकडे.
लसूण नाही, लाल तिखट नाही,
त्यानं मेलेले दारातूनच परततात म्हणे.
मी सोलमध्ये कंपन्यांचे हिशेब तपासते,
इथे माझे हिशेब मल-सुन तपासतात:
बोलत नाहीत काही,
एका बोटाने वाटी जराशी सरकवतात.

थोरल्या दिरांनी, ग्वांग-शिकनी,
भाताच्या शिगेत चमचा उभा रोवला.
एरवी असा रोवला तर पाठीत धपाटा.
आज तो उभाच,
वाळूत खुपसून ठेवलेल्या वल्ह्यासारखा.
चॉपस्टिक्स ताटलीवर तीनदा टकटक.
मग सगळे बाहेर, दार ओढून घेतलं.

नऊ घास होतील इतका वेळ थांबायचं.
लाकडी ओसरीवर तळपाय गारठलेले,
अंगणात सोयाबीनच्या बरण्या, त्यांच्या झाकणांवर चांदणं.
हा-रामने विचारलं, आजोबा हळू खातात का गं?
“छे, फार भरभर,” सासूबाई म्हणाल्या,
“मी भात वाढेपर्यंत सूप संपलेलं असायचं.”

दीर तीनदा खाकरले. दार उघडलं.
भात होता तेवढाच.
सूप उचलून पाणी ठेवलं, त्यात तीन चमचे भात कालवला.

मग आमची पाळी.
किमची आली, लसूण आला, घराला वास आला.
दिरांनी ओतली ती मी दोन्ही हातांत घेतली
आणि तोंड भिंतीकडे वळवून प्यायले.
सगळे थांबलो. थोरल्यांनी चमचा उचलल्याशिवाय
कुणी उचलायचा नाही, आणि आता थोरल्या त्याच,
त्यांच्यावर कुणी उरलं नाही.
सुपावर साय धरली तेव्हा कुठे त्यांचा चमचा हलला.

माशाची वरची बाजू संपली.
हा-रामने खालून चॉपस्टिक्स घातल्या—
“नको!”
तिघं एकदम ओरडलो.
मासा उलटवला की बोट उलटते.
काटा उचलून बाजूला ठेवायचा, खालचं तसंच खायचं,
कोळ्याच्या घरात हे चालण्याआधी शिकवतात.
पोरगी रडायच्या बेतात.

“मी उलटवला होता,” मल-सुन म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही.
“त्या सकाळी. हा पोटात होता.”
त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.
“भूक आवरेना. काटा काढत बसायला धीर नव्हता.
त्यानं पाहिलं. हसला. जोडे घातले.”

नऊ वर्षं मी या घरची सून,
त्यांना खालची बाजू खाताना पाहिलं नव्हतं.
मला वाटायचं, काटे आवडत नसतील.

त्यांनी हा-रामचा हात धरला, चॉपस्टिक्ससकट.
आधी शेपूट निघेना, ताटलीला चिकटलेलं.
मग अख्खा मासा थपकन पडला,
सोयाचे दोन थेंब माझ्या बाहीवर.
खाली मांस पांढरं, भरपूर,
मीठ थोडं कमीच मुरलेलं.

ग्वांग-शिक उठले.
पहाटे चारला त्यांना कालवांच्या जाळ्यांकडे जायचं होतं.
दाराशी गमबूट ओढल्याचा आवाज,
मग धक्क्याच्या दिशेनं टॉर्च.
कुणी बोलेना. हा-राम खात होती.
सासूबाई तिला काटे वेचून देत होत्या,
आणि मधूनच एक घास स्वतःच्या तोंडात,
चोरून खाल्ल्यासारखा.

बऱ्याच वेळानं दीर आले,
अंगाला डिझेलचा वास, हाताला दोराचे वळ.
एक गाठ जास्तीची मारून आलो, इतकंच म्हणाले.
बसले.
दोन्ही हातांनी वाटी पुढे केली,
“वहिनी, भात आहे का अजून?”