सातवा रकाना

पाटणच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत
बत्तीस वर्षं मी बरण्या पुसल्या.
झाकणांना मेण लावलं, फॉर्मॅलिन बदललं,
अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्याही मीच लिहिल्या.

नोंदवहीत रकाने आठ. सातवा : आवाज.

शीळकरी कस्तूरपुढं ढवणे मॅडमनी सांगितलं ते उतरवलं :
'माणसासारखी शीळ. पहाटे. ओढ्याकाठी.'
रकाना पुरेना, समासात गेलो.
कपाटातलं ते पेंढा भरलेलं पाखरू,
खांद्यावरचा निळा अजून विझला नव्हता,
चोच मात्र मीच एकदा फेविकॉलनं चिकटवलेली.

देवगांडुळापुढं मॅडम थांबल्या.
बेडकाचं भाऊबंद, पण पाय नाहीत,
डोळे कातडीखाली.
आणि आवाज?
त्यांनी हवेत बोट आडवं फिरवलं.
मी रेघ मारली.

यंदा श्रावणात, हेळवाकच्या वर,
बायजा झोरेच्या वरीच्या तुकड्यात
बांधाचा दगड उचकटला, तर खाली
जांभळट वेटोळं,
वेटोळ्यात साबुदाण्यासारखी अंडी.
"दुतोंड्या हाय!" बायजानं खोरं उगारलं.
ते हललं नाही.
पळायला पाय लागतात,
नाहीतर अंडी नसावी लागतात.

वर धबधब्याच्या आडोशाला कस्तूर शीळ घालत होता,
चाल विसरायचा, परत पहिल्यापासून धरायचा.
बायजाच्या नातवानं पल्याडनं त्याला उत्तर दिलं,
तिची म्हैस चरता चरता थांबली.

परीक्षेत पाच मार्कांना यायचं :
'उभयचर व पक्षी, फरक स्पष्ट करा.'
पोरं कागदाच्या मधोमध रेघ आखायची,
इकडं ओलं कातडं, तिकडं पिसं.
इथं मधोमध ओढा होता,
आणि त्याचंच पाणी दगडाखालीही मुरत होतं.

"गप पडलंय बघा, बाळंतिणीगत,"
बायजा म्हणाली, खोरं टेकवलं.
दगड दोघांनी धरून होता तसा ठेवला.
बांध तेवढा वाकडा राहिला.

नोंदवही आता कम्प्युटरवर गेलीय.
जुनी सापडली रद्दीच्या गठ्ठ्यात, सुतळीखाली.
माझी रेघ शाईची, खोडता येईना.
तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं :
'मी ऐकला नाही.'

बाहेर व्हरांड्यातनं कुणीतरी शीळ घालत गेलं.
पोरगंच असावं.