डाव्या गालाचा साचा

भाऊ गेला की चाळीस दिवस
वस्तऱ्याला हात लावायचा नाही, आमच्याकडे असंच.
चियातुरात बापाला मामा म्हणतात.
तर मामाची दाढी वाढत गेली,
उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ चढावं तशी,
कुणाला न विचारता.

गुरामकाकाशी त्यानं अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं
एका अक्रोडाच्या झाडावरून.
झाड बरोबर कुंपणात.
अक्रोड दोन्हीकडे पडायचे,
दोन्हीकडे कुजायचे.

एक्केचाळिसाव्या सकाळी म्हणाला, "मकवाला, काढून टाक."
मी पाणी तापवलं, साबण फेसला.
तो आरशात बघत राहिला.
"सगळी नको."

सगळी नको म्हणजे किती,
हे विचारायची त्याच्यापाशी सोय नसते.
शिवाय त्याचे हात. खाणीतल्या ड्रिलनं
जाताना आपली थरथर त्याच्याकडेच ठेवली,
पेन्शनपेक्षा ती नियमित येते.
आणि मला सरळ रेघ शाळेतही यायची नाही.

म्हणून साचा.

पहिला कॅलेंडरच्या मार्च महिन्याचा.
भिजला, गालाला चिकटला,
सोलून काढला तर जबड्यावर सतरा तारीख, उलटी.
दुसरा आइसक्रीमच्या झाकणाचा. वळेचना.
मग कपाटावरचं तपकिरी पाकीट आठवलं:
मामाच्या छातीचे एक्स-रे,
खाणवाल्यांनी दर दोन वर्षांनी काढलेले.
वाकतात, भिजत नाहीत, आरपार दिसतं.
"कुठला कापू?"
"एकोणनव्वदचा," तो म्हणाला.
"तेव्हा फुप्फुसं चांगली होती. टिकेल."

कानाजवळची रेघ पट्टीनं,
गालाची कमान आलुबुखाऱ्याच्या चटणीच्या झाकणानं,
गळ्याखालची बशीनं.
शिवणकामाची कात्री बरगड्यांमधून चालली
तेव्हा मी उगाच श्वास धरला.
कडा कानशीनं घासल्या, आपल्याच गालावर फिरवून पाहिल्या.

उजवा गाल फक्कड जमला.
साचा पालथा घातला, डाव्याला लावला,
तर कमान अधांतरी.
सत्त्याण्णव साली रोपवेची तार तुटली होती,
जबडा सांधला तो बोटभर आत.
हे मला माहीत होतं.
रोज जेवताना समोर हेच तर बघते मी.
तरी कात्रीला सांगायचं राहिलं.

"डाव्याचा वेगळा काढ," मामा म्हणाला,
"त्या बाजूला दुसराच माणूस राहतो."

मग झाकण नाही, बशी नाही.
अंगठ्यानं हाड चाचपत गेले,
खड्डा आला तिथं थांबले,
पेन्सिलीनं थेट कातडीवर रेघ ओढली.
मोठी झाल्यावर त्याच्या चेहऱ्याला
इतका वेळ हात लावला नव्हता.
तोही डोळे मिटून, म्हशीनं खरारा करून घ्यावा तसा.

दुसरा साचा एक्क्याण्णवचा. त्यात ठिपके होते, बारीक.
वस्तरा कडेनं चालवला, फेस पुसला,
आणि आरशात गुरामकाका.
टेबलावरच्या फोटोतली तीच दाढी, तीच कमान.
मी पाहिलं. त्यानं पाहिलं.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं बराच वेळ भुंकत होतं.
"डावीकडं तो जरा जास्त ठेवायचा," एवढंच म्हणाला.

आता शनिवारी मामा स्वतःच करतो.
एका हातानं साचा गालावर दाबून धरतो,
दुसऱ्या हातातला वस्तरा थरथरत कडेवर आपटतो,
टक, टक, टक,
पण पलीकडे जात नाही.
मग दोन्ही साचे धुऊन खिडकीतल्या खिळ्याला.
ऊन आलं की माझ्या पिठावर बरगड्या पडतात.

ऑक्टोबरात एकदा पुसताना दिसलं,
डाव्या साच्यावर अंगठ्याचा काळपट ठसा.
साबणानं घासला. राखेनं घासला.
निघेना.
अक्रोडाच्या हिरव्या सालीचा डाग तो,
कसा निघेल.