दोन पत्रं

डेपोच्या कॅन्टीनमध्ये ग्लेनिसनं
दोन पत्रं पसरली, मध्ये सॉसची बाटली.
एक म्हणतं, ये, थेट पहिल्या वर्षाला.
दुसरं म्हणतं, आधी पायाभूत वर्ष कर:
गणित, रसायन, निबंध कसा लिहावा वगैरे.

एकोणपन्नास, ती म्हणाली. पदवी हातात पडेल तेव्हा बावन्न,
नाहीतर त्रेपन्न,
आणि एका वर्षाचं कर्ज जास्तीचं.
ह्यू चहा ढवळत म्हणाला, घाई कसली गं,
डोंगर काय पळून चाललेत?

बावीस वर्षं स्वॉन्सीहून वर जाणारी बस
तिनं त्या कापलेल्या कड्याखालून नेलीय.
सिग्नल लाल झाला की बघायची
काळा थर, करडा थर,
मध्येच गंजाच्या रंगाची रेघ.
नाव एकाचंही माहीत नाही.

काल रात्री लेकाच्या जुन्या वहीतलं
लॉगॅरिदमचं एक गणित घेऊन बसली.
दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा टोक मोडलं.
हे तिनं फक्त मला सांगितलं, तेही जिन्यात.

साडेचारची फेरी. ती उठली.
एक पत्र घडी करून खिशात,
दुसऱ्यावर कप तसाच.
कुठलं ते मी पाहिलं नाही.
दारातून मात्र परत आली,
पेन्सिल आहे का रे, म्हणाली,
आणि खोडरबर.