काशाची घंटा

दारावरच्या पोराने माझी पिशवी उपसली:
थर्मास, लोकरीचे दोन मोजे, दालचिनीचे पाव,
आणि तळाशी ही.
"आजी, हे काय?"
गाईची घंटा, म्हटलं. गाय ओमेना, म्हणजे सफरचंद.
गाय जाऊन चाळीस वर्षं झाली,
घंटा अजून कामावर आहे.
त्याने ती कानाशी हलवली,
हसला, आणि आत सोडलं
दोघींना.

बाहेर मिकेली, उणे एकोणीस.
आत फारशी ऊब नाही, पण दिवे आहेत,
आणि नुकत्याच फिरलेल्या यंत्रामागे
ओल्या पाटीसारखा बर्फाचा वास.
राउनी जागा धरून बसलेली.
पस्तीस वर्षं टपाल वाटलं तिने,
अजूनही प्रत्येकीचा पत्ता सांगते:
सतरा नंबर, एल्वीरा, सॉमिलमागच्या गल्लीतली,
तिच्याकडे कुत्रा होता, चावरा.

समोर चेक पोरी. लाल, दणकट, भराभर.
सोनं-रुपं संध्याकाळी;
ते समुद्रापलीकडच्या दोघी वाटून घेतील.
आमच्या वाट्याला दुपार
आणि कासं.
मागच्या रांगेतला ओस्करी म्हणतो, कांस्यासाठी कोण एवढं ओरडतं?
मी त्याला विचारलं,
सोन्याची घंटा ऐकलीयस कधी?

आता गंमत अशी
की यांचे चेहरे दिसतच नाहीत.
हेल्मेटला पुढून जाळी. वेणी तेवढी बाहेर.
म्हणून मी पायांवरून ओळखायला शिकले:
एल्वीरा वळताना डावा खांदा आधी टाकते,
जशी कुणी दार ढकलावं, हात भरलेले असताना.
सहा नंबर थांबते तेव्हा बर्फ उडत नाही, शिंपडला जातो.
आणि गोलमध्ये पिह्ला,
प्रत्येक शिटीनंतर दोन्ही खांबांना काठी टेकवते,
आधी उजवा, मग डावा,
घरातली माणसं झोपलीत ना, पाहिल्यासारखी.

पिह्लाला मी वेगळीही ओळखते.
दातांच्या दवाखान्यात नर्स आहे ती.
माझी अक्कलदाढ निघाली तेव्हा
कापूस तिनेच धरला होता.

दोन-दोन.
तिसऱ्या पिरियडमध्ये आमची एक पेनल्टीला गेली,
काचेच्या खोलीत बसली, गुडघ्यावर हात,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी.
पाचजणींविरुद्ध चौघी.
राउनीने डोळे मिटून घेतले. (ती असंच मॅच बघते.)
चकती निळ्या रेषेवरून सुटली, कुणाच्या तरी काठीला लागून वळली,
आणि पिह्ला आडवी.
नंतर सगळे तो हातमोजा, तो हातमोजा म्हणत राहिले,
पण मला दिसला तिचा पाय:
बोटांच्या टोकापर्यंत ताणलेला,
आणि खांबाशी तेवढीच फट, टपालाचं पाकीट जाईल एवढी.
नाही गेलं.

मग अठ्ठावन्नाव्या मिनिटाला एल्वीराने दार ढकललं.

मला पुढचं नीट आठवत नाही.
ओस्करीने माझा पाव कुणाला तरी दिला.
घंटेची जीभ निखळून खाली रांगेत घरंगळली,
लाल टोपीतल्या एका चेक आजोबांनी ती शोधून आणून दिली,
दोन्ही हातांनी, वाकून, पराभव झालेला असताना.
त्यांना मी उरलेली कॉफी दिली.
आम्हाला एकमेकांचं काहीच कळत नव्हतं,
"पाय," मी म्हणाले, माझा पाय लांबवून.
त्यांनी मान हलवली. तोच पाहिला होता त्यांनीही.

गुरुवारी दवाखान्यात माझी वेळ होती.
मास्कच्या वर फक्त डोळे, एका भुवईवर निळं.
"आ करा," पिह्ला म्हणाली.
केला.
पण आवाज शनिवारपासून गेलेलाच.
"घसा लाल आहे," ती म्हणाली. "कुठे ओरडलात एवढं?"
आरसा तोंडात, तिचा अंगठा माझ्या गालावर,
उत्तर देता येईना.
मी खुर्चीच्या टोकाशी
पाय ताणून दाखवला.